सिंहासन आणि सभा

रत्नागिरी जिल्ह्यात पाली नावाचे गाव आहे. मुंबईहून गोव्याकडे जाणारा रस्ता आणि आंबा घाट चढून कोल्हापूरकडे जाणारा रस्ता येथे एकमेकांचा निरोप घेतात. कोकणातील इतर गावांप्रमाणे येथेही ग्रामपंचायत आहे. घरपट्टीची मागणी आली की लोक पैसे भरतात, पावती घेतात आणि ती फडताळात ठेवून देतात. त्या पावतीकडे पुन्हा कोणी पाहत नाही. परंतु मुलांनो, त्या लहानशा कागदामागे सुमारे आठशे वर्षांचा इतिहास उभा आहे, असे कोणी सांगितले तर तुम्हांस नवल वाटेल.

घरपट्टी किती असावी हे सरपंचाच्या मर्जीवर अवलंबून नसते. तिचे दर कायद्याने घातलेल्या मर्यादेत ठरतात. ते ठरविणारी पंचायत गावाने निवडलेली असते. जमलेला पैसा कोठे खर्च झाला, हे ग्रामसभेत कोणाही मतदारास विचारता येते. आपला पैसा आपल्या संमतीवाचून कोणी घेऊ नये, आणि घेतलेल्या पैशाचा हिशेब आपणांस मागता यावा, ही गोष्ट आज आपणांस अगदी साधी वाटते. पण एके काळी एवढेच विचारल्याबद्दल माणसे तुरुंगात गेली, रणांगणावर पडली, आणि एका राजाला आपले मस्तक गमवावे लागले. ती हकिगत इंग्लंडची आहे. तिच्याच तोडीची, परंतु रक्ताचा थेंबही न सांडता घडलेली दुसरी हकिगत आपल्या महाराष्ट्राची आहे. या दोन्ही आपण शेजारी शेजारी ठेवून पाहू.

इंग्लंडात बाराव्या शतकाच्या अखेरीस जॉन नावाचा राजा गादीवर आला. फ्रान्समधील लढायांत त्याचा पराभव झाला होता आणि त्या लढायांसाठी त्याने सरदारांकडून वारेमाप पैसा उकळला होता. शेवटी सरदारांनी बंड केले. १२१५ सालच्या जून महिन्यात टेम्स नदीकाठच्या रनीमीड येथील कुरणात राजाला एका सनदेवर आपली मोहोर उठवावी लागली. हीच ती प्रसिद्ध महासनद, अर्थात मॅग्ना कार्टा. कायदेशीर निवाड्याशिवाय कोणाही स्वतंत्र माणसास कैद करावयाचे नाही, आणि राज्यातील प्रमुखांच्या संमतीवाचून काही विशिष्ट कर बसवावयाचे नाहीत, असे तीत लिहिले होते. ही सनद सरदारांनी मुख्यतः स्वतःच्या हितासाठी मिळविली होती. गोरगरिबांचा कळवळा त्यांस होता असे नाही. तरीही एक मोठी गोष्ट घडून गेली. राजाच्याही वर कायदा आहे, हे तत्त्व कागदावर उतरले.

पुढे सरदारांच्या बरोबरीने परगण्यांचे व शहरांचे प्रतिनिधीही सल्लामसलतीसाठी बोलावण्यात येऊ लागले आणि त्यातून पार्लमेंट नावाची सभा आकारास आली. या सभेजवळ ना सैन्य होते ना किल्ले. तिच्याजवळ एकच शस्त्र होते. राजाला पैसा हवा असेल, तर त्याला सभेकडे यावे लागे. आधी आमची गाऱ्हाणी ऐका, मग पैशाचे पाहू, असे सभा म्हणू लागली. थैलीची दोरी जिच्या हाती, तिच्याकडे हळूहळू राज्याची दोरीही येऊ लागली.

ही ओढाताण सतराव्या शतकात विकोपास गेली. १६२५ साली गादीवर आलेल्या पहिल्या चार्लसची अशी श्रद्धा होती, की राजाला सत्ता परमेश्वराने दिलेली असते. म्हणून तो जाब देईल तर परमेश्वरालाच देईल. सभा आडवी येते असे पाहून त्याने १६२९ पासून तब्बल अकरा वर्षे पार्लमेंट बोलाविलेच नाही. पैसा तर हवाच होता. समुद्रकाठच्या गावांकडून आरमारासाठी घेतला जाणारा एक जुना कर होता. चार्लसने तो समुद्रापासून दूर असलेल्या परगण्यांवरही लादला. जॉन हॅम्पडेन नावाच्या एका सधन गृहस्थाच्या वाट्यास या कराचे अवघे वीस शिलिंग आले. ते त्याला सहज देता आले असते. पण त्याने नकार दिला. सभेच्या संमतीवाचून राजाला एक पैही मागण्याचा अधिकार आहे काय, हा त्याचा प्रश्न होता. बारा न्यायाधीशांपुढे खटला चालला. सात जणांनी राजाच्या बाजूने कौल दिला, पाच जणांनी हॅम्पडेनच्या. हॅम्पडेन हरला, परंतु पाच न्यायाधीश राजाच्या विरुद्ध गेले, ही गोष्ट देशभर झाली आणि लोकांस धीर आला.

अखेर १६४० साली पैशाच्या निकडीने चार्लसला पार्लमेंट बोलवावे लागले. सभेने अकरा वर्षांचा हिशेब मागण्यास आरंभ केला. तेव्हा ४ जानेवारी १६४२ रोजी राजा शिपाई घेऊन सभागृहात शिरला. पाच सभासदांना त्याला पकडावयाचे होते; त्यांत हॅम्पडेनही होता. परंतु ते आधीच निसटले होते. ते कोठे आहेत, असे राजाने सभापती लेंथॉल यास विचारले. लेंथॉलने गुडघे टेकले. पण सभा आज्ञा करील तेच पाहणे व तेच बोलणे आपले काम आहे, असे नम्रपणे सांगून त्याने उत्तर नाकारले. राजा हात हलवीत परतला. या दिवसाची आठवण इंग्लंडात अद्याप जपली जाते. पार्लमेंटच्या उद्घाटनप्रसंगी राजाचा दूत लोकसभागृहाकडे येऊ लागला, की दार त्याच्या तोंडावर लावून घेतात, आणि त्याने तीन वेळा ठोठावल्यावर ते उघडतात.

त्याच वर्षी राजा आणि सभा यांच्यात युद्ध जुंपले. हॅम्पडेन १६४३ साली लढाईत जखमी होऊन मरण पावला. शेवटी राजाचा पराभव झाला आणि ३० जानेवारी १६४९ रोजी त्याचा शिरच्छेद करण्यात आला. परंतु राजा गेला म्हणून लोकांचे राज्य आले काय? नाही. सभेच्या बाजूने लढलेला सेनापती क्रॉमवेल यानेच १६५३ साली शिपाई आणून सभा उधळून लावली. एका माणसाच्या हातातील अनिर्बंध सत्ता दुसऱ्या माणसाच्या हाती गेली, एवढेच. पुढे राजघराणे परत आले. दुसऱ्या जेम्सने पुन्हा कायदा बाजूस सारण्याचा प्रयत्न केला. त्याला १६८८ साली देश सोडून पळावे लागले. नव्या राजाराणीपुढे १६८९ साली हक्कांची सनद ठेवण्यात आली. सभेच्या संमतीशिवाय कर बसवू नये, कायदा तहकूब करू नये, शांततेच्या काळात खडे सैन्य ठेवू नये, आणि सभेतील भाषणाबद्दल कोणास बाहेर जाब विचारू नये, या गोष्टी तीत निश्चित झाल्या. सिंहासन राहिले, पण त्याला लगाम बसला.

हे पार्लमेंट तेव्हा साऱ्या जनतेचे नव्हते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. मोजक्या मालमत्तावाल्या पुरुषांनाच मत देता येई. स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने मताचा अधिकार मिळण्यास १९२८ साल उजाडावे लागले. महासनदेपासून मोजले तर हा प्रवास सातशे वर्षांहून अधिक काळ चालला.

आता आपल्याकडे वळू. राजाला जाब विचारणारी माणसे आपल्याकडे नव्हती असे नाही. १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी करून खुद्द राघोबादादांना दोषी ठरविले आणि देहान्त प्रायश्चित्त सांगितले, ही कथा महाराष्ट्रात घरोघर सांगितली जाते. रामशास्त्र्यांची निःस्पृहता हिमालयाएवढी खरी. पण त्यांच्या निर्णयामागे उभी राहणारी सभा नव्हती. त्यांना पद सोडून पुण्याबाहेर जावे लागले. राघोबादादांना पेशवेपदावरून दूर केले ते बारभाईंच्या कारस्थानाने. कायद्याच्या शक्तीने नव्हे. एका पुरुषाचे धैर्य वंदनीय असते, परंतु तो पुरुष गेला की त्याचे धैर्यही जाते. सभा मात्र मागे राहते.

इंग्रजी अमलात हिंदुस्थानात साडेपाचशेहून अधिक संस्थाने होती. कोठे राजा दयाळू असे, कोठे जुलमी. पण बहुतेक ठिकाणी त्याचा शब्द हाच कायदा होता. १९३८ साली अनेक संस्थानांत प्रजेने जबाबदार राज्यपद्धतीची, म्हणजे दिवाण व मंत्री लोकांच्या प्रतिनिधींना जबाबदार असावेत अशी मागणी केली. काठेवाडातील राजकोट संस्थानात मोठा लढा झाला. गांधीजींचे वडील एके काळी याच संस्थानाचे दिवाण होते. डिसेंबर १९३८ मध्ये तेथील ठाकोरसाहेबांनी सरदार वल्लभभाई पटेलांशी समझोता केला, आणि थोड्याच दिवसांत तो मोडला. मार्च १९३९ मध्ये गांधीजींना त्यासाठी उपोषण करावे लागले. राजाने दिलेला शब्द राजा मागेही घेऊ शकतो, हे त्या वेळी साऱ्या देशाने पाहिले.

नेमक्या त्याच दिवसांत आपल्या महाराष्ट्रात निराळे घडत होते. पालीहून निघून आंबा घाट चढला आणि कोल्हापूर मागे टाकून पूर्वोत्तर दिशेने गेले, की सातारा जिल्ह्याचा कमी पावसाचा मुलूख लागतो. तेथे यमाई देवीच्या डोंगराच्या पायथ्याशी औंध गाव आहे. औंध हे एक लहानसे संस्थान होते. क्षेत्रफळ सुमारे ५०० चौरस मैल, तेही सलग नव्हे. औंध, आटपाडी, कुंडल आणि गुणदाळ असे त्याचे तुकडे दूरदूर विखुरलेले होते. १९४१ च्या शिरगणतीत तेथील लोकसंख्या ८८ हजारांच्या घरात होती. राजे होते भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. ते स्वतः चित्रकार होते, कीर्तनकार होते आणि सूर्यनमस्कारांचे मोठे पुरस्कर्ते होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी जागा देऊन किर्लोस्करवाडीचा पाया घालण्यास त्यांनीच साहाय्य केले होते.

विलायतेत शिकून बॅरिस्टर होऊन आलेले त्यांचे पुत्र आप्पासाहेब, आणि मॉरिस फ्रीडमन नावाचे भारतप्रेमी पोलिश इंजिनियर, या दोघांच्या साहाय्याने बाळासाहेबांनी आपली सत्ता प्रजेच्या हाती देण्याचे ठरविले. मसुदा घेऊन मंडळी गांधीजींकडे गेली. गांधीजींनी त्यात बारकाईने लक्ष घातले. राज्याचा पाया राजधानीत नव्हे तर खेड्यात असावा, हे त्यांचे मुख्य सूत्र होते. जानेवारी १९३९ मध्ये औंधची राज्यघटना अमलात आली.

तिची रचना अशी होती. प्रत्येक गावाने आपल्यातील पाच पंच निवडावयाचे. गावपंचायतींच्या प्रमुखांची मिळून तालुक्याची सभा व्हावयाची. तालुकासभांनी आपले प्रतिनिधी संस्थानच्या विधिमंडळात पाठवावयाचे. मंत्री या विधिमंडळाला जबाबदार. गावातील लहानसहान तंटे गावातच तुटावेत, त्यासाठी शेतकऱ्यांस शहराच्या खेपा घालाव्या लागू नयेत, अशी न्यायाची सोय. खुद्द राजाच्या खाजगी खर्चालाही मर्यादा. इंग्लंडात ज्या दोरीसाठी युद्धे झाली, ती थैलीची दोरी येथे राजाने आपण होऊन सोडून दिली.

‘प्रतिनिधी’ हे या घराण्याचे पद राजाराम छत्रपतींच्या काळातले. प्रतिनिधी म्हणजे छत्रपतींच्या वतीने कारभार पाहणारा. शेकडो वर्षे राजाचे प्रतिनिधी म्हणविणाऱ्या घराण्याने शेवटी रयतेच्या प्रतिनिधींपुढे मान लवविली, हा योग मोठा अर्थपूर्ण आहे.

या घटनेतील एका कलमावर तुम्ही वर्गात अवश्य चर्चा करावी. मत देणाऱ्यास लिहितावाचता आले पाहिजे, असा आग्रह गांधीजींनी धरला होता. मताच्या ओढीने लोक शिकतील, आणि शिकलेल्या माणसाला कोणी फसवू शकणार नाही, हा त्यामागील हेतू. उलट पक्षी असाही प्रश्न उभा राहतो, की ज्याला शाळाच मिळाली नाही त्याचा त्यात काय दोष? राज्याच्या चुकीची शिक्षा त्याने का भोगावी? पुढे स्वतंत्र भारताने हा दुसरा विचार मान्य केला आणि साक्षर-निरक्षर असा भेद न करता प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषास मत दिले.

औंधचे स्वराज्य पूर्ण स्वराज्य नव्हते. माथ्यावर इंग्रजांची सार्वभौम सत्ता होतीच. तरीही त्या अवर्षणी मुलुखातील शेतकरी पंच म्हणून बसू लागले, हिशेब तपासू लागले, निवाडे करू लागले. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली. तेथे भिंती नव्हत्या, कैदी शेती करून राहत. माणसावर विश्वास टाकला तर तो जबाबदारीने वागू लागतो, याच श्रद्धेची ही दुसरी शाखा होय. ८ मार्च १९४८ रोजी औंध संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि हा नऊ वर्षांचा प्रयोग संपला.

इंग्लंडात सभेने सत्ता झगडून घेतली, औंधात राजाने ती ओंजळीत घालून दिली. यांत श्रेष्ठ कोणती? वरवर पाहता औंधची रीत सुंदर वाटते, आणि ती आहेही. परंतु बाळासाहेबांचा खरा मोठेपणा केवळ दयाळूपणात नाही. दयाळू राजे पुष्कळ झाले. आपला दयाळूपणा आपल्याबरोबर संपेल, हे बाळासाहेबांनी ओळखले आणि तो कायद्यात लिहून ठेवला. राजकोटात शब्द होता, म्हणून तो मोडता आला. औंधात शब्दाचा कायदा झाला. चांगला राजा लाभणे हे प्रजेचे भाग्य. पण राजा चांगला असो वा वाईट, प्रजेचे अहित होऊ नये अशी व्यवस्था करणे हे प्रजेचे कर्तृत्व.

२६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या आपल्या संविधानात या साऱ्या इतिहासाचे सार आढळते. कायद्याच्या आधारावाचून कोणताही कर बसविता अथवा वसूल करता येणार नाही, असे २६५ वे कलम सांगते. हॅम्पडेनच्या वीस शिलिंगांचे ते उत्तर आहे. संसदेच्या दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून अधिक अंतर पडू नये, असे ८५ वे कलम सांगते. चार्लसच्या अकरा वर्षांचे ते उत्तर आहे. सभासदांच्या सभागृहातील भाषणस्वातंत्र्याचे रक्षण १०५ वे कलम करते.

या संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांचे मूळ गाव आंबडवे याच रत्नागिरी जिल्ह्यातील. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील भाषणात त्यांनी एक इशारा दिला. माणूस कितीही थोर असला, तरी आपले स्वातंत्र्य त्याच्या पायांवर वाहू नये, कारण राजकारणातील भक्ती ही हुकूमशाहीकडे नेणारी वाट आहे, असा त्या इशाऱ्याचा भावार्थ होता. क्रॉमवेलची कथा वाचलेल्यास या इशाऱ्याचे मर्म सहज कळेल.

आता पुन्हा पालीला येऊ. ग्रामसभेची दवंडी पिटली जाते, सूचना फलकावर लागते. पण किती जण तेथे जातात? किती जण जमाखर्च ऐकून प्रश्न विचारतात? सनद मिळविण्यास शतके लागतात, ती गमावण्यास मात्र लोकांची झोप पुरेशी होते. राजाने दिलेली असो वा राजाकडून घेतलेली असो, सत्ता राखावयाची म्हणजे सभेला जावे लागते, हिशेब समजून घ्यावा लागतो, आणि सरपंच आपला आप्त असला तरी नम्रपणे उभे राहून विचारावे लागते.

आज घरी गेल्यावर फडताळातील घरपट्टीची पावती काढून एकदा नीट वाचा. तीवर रक्कम कोणती, कर कोणता आणि कोणत्या वर्षाचा, हे पाहा. मग वडीलधाऱ्यांस विचारा, की गेल्या ग्रामसभेस आपल्या घरातून कोण गेले होते.

शब्दार्थ

सनद – अधिकार देणारा लेख. मोहोर – शिक्का. अनिर्बंध – कसलेही बंधन नसलेला. निःस्पृह – कशाचाही लोभ नसलेला. तहकूब करणे – तात्पुरते थांबविणे. शिरगणती – लोकसंख्येची मोजणी. अवर्षणी – पावसाचा तुटवडा असलेला. विकोपास जाणे – फार वाढून हाताबाहेर जाणे.

अभ्यास

१. हॅम्पडेनला वीस शिलिंग देणे जड नव्हते. मग त्याने ते देण्याचे का नाकारले?

२. ‘थैलीची दोरी जिच्या हाती, तिच्याकडे हळूहळू राज्याची दोरीही येऊ लागली,’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.

३. क्रॉमवेल व बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्या वागण्यातील भेद आठ-दहा ओळींत लिहा.

४. रामशास्त्र्यांचे उदाहरण लेखकाने कोणता मुद्दा पटविण्यासाठी दिले आहे?

५. ‘मतदार साक्षर असलाच पाहिजे’ या विषयावर अनुकूल व प्रतिकूल अशी प्रत्येकी तीन कारणे लिहून वर्गात वादसभा भरवा.

६. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : मान लवविणे, कौल देणे, हात हलवीत परतणे, जाब विचारणे.

७. तुमच्या गावच्या ग्रामसभेस वडीलधाऱ्यांबरोबर जाऊन तेथे जे पाहिले व ऐकले, त्याचे वर्णन करा.